पहिल्या दिवशी लूव्र नको

चि. प्रवासप्रमुखास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता वाचला. पॅरिसचे बाकीचे दिवस छान आखलेस, पण पहिला दिवस वाचतानाच मला धाप लागली. सोमवारी सकाळी विमान उतरणार, दुपारी लूव्र संग्रहालय, संध्याकाळी सीन नदीत बोट आणि रात्री 9 ला आयफेलची रोषणाई. बरोबर आजी, आई-बाबा आणि सात वर्षांचा भाऊ. लूव्र सोमवारीच का, हे लक्षात आलं. मंगळवारी ते बंद असतं. हिशेब चोख आहे, पण त्यात माणसं धरलेली नाहीत.

आधी रोषणाईचं बघू. जूनच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य मावळतो तो 10 च्या सुमारास. 9 ला तिथे चक्क उजेड असेल. मनोरा दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, तोही अंधार पडल्यावर, म्हणजे 11 ला. तुम्ही पश्चिमेकडे चालला आहात. तिथे 9 वाजतील तेव्हा तुमच्या शरीरात मध्यरात्र उलटून गेलेली असेल. तोवर धाकट्याने भोकाड पसरलेलं असणार. आजी मात्र काही बोलणार नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. मोठी माणसं परदेशात 'मला बसायचंय' असं सांगत नाहीत. पोरांनी एवढा खर्च केलाय, म्हणून पाय ओढत चालत राहतात.

आता विमानतळ. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात शिरताना बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे रांग किती लांबेल याचा नेम नाही. म्हणून त्या दिवसाचं वेळ ठरलेलं एकही तिकीट काढू नकोस. तिकीट काढलं की रांगेत उभं राहून तू घड्याळ बघणार, आणि तुझं तोंड बघून घरचे घाबरे होणार.

शहरात जायला तू आरईआर बी ही लोकल धरलीस. एकटं असताना मीही तीच धरेन. पण पॅरिसची मेट्रो 1900 साली सुरू झालेली, आणि जुन्या स्थानकांवर जिने फार, लिफ्ट कमी. लोकलमधून उतरून मेट्रो धरावी लागली तर पाच माणसं, पाच बॅगा आणि आजीचे गुडघे. सरळ टॅक्सी कर. विमानतळ ते शहर हे भाडं ठरलेलं असतं, नदीच्या उजव्या काठाला एक दर, डाव्या काठाला दुसरा. पाचव्या माणसाचे थोडे जास्त पडतात, आणि गाडी मोठी लागेल हे रांगेवरच्या माणसाला आधी सांग. आत, बॅगा घ्यायच्या जागेपाशी कुणी 'टॅक्सी?' म्हणत जवळ आला तर त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस.

हॉटेलात खोली बहुधा दुपारी 3 च्या आधी मिळणार नाही. बॅगा मात्र ठेवून घेतात. धाकट्याचे कपडे, आजीच्या गोळ्या आणि सगळ्यांचे दात घासायचे ब्रश एकाच पिशवीत वर ठेव, म्हणजे स्वागतकक्षात बॅगा उपसत बसायला नको.

मग करायचं काय? तुमचं हॉटेल लॅटिन क्वार्टर या भागात आहे, लक्झेंबर्ग बाग तिथून जवळच. तिथे जा आणि बसा. हिरव्या लोखंडी खुर्च्या जागोजाग पडलेल्या असतात, कुणीही घ्याव्यात, सावलीत ओढाव्यात, पैसे नाहीत. मधल्या मोठ्या तळ्यात मुलं भाड्याच्या शिडाच्या होड्या काठीने ढकलतात. धाकटा तिथेच रमेल. आणि उजेडात राहणं हे शरीराचं घड्याळ जुळवायचं खरं औषध. ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळं सुरळीत व्हावं, ही अपेक्षा धरू नकोस. दुपारी डोळा लागला तर लागू दे, पण अर्ध्या तासाने उठव. शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

त्या दिवसाचं खरं काम दुसरंच आहे. हॉटेलच्या आजूबाजूचा एवढासा तुकडा प्रत्येकाच्या अंगवळणी पाड, म्हणजे पुढचे दिवस सगळे तुझ्या फोनकडे बघत बसणार नाहीत. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, आजीच्याही. पाव कुठे मिळतो ते बाबांना दाखव. दुकानात शिरताच आधी 'बोंजूर', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं, नाहीतर समोरचा मख्ख होतो. हे काम धाकट्याकडे दे, तो ते मोठ्या आवाजात करेल. आईला 82 नंबरच्या बसचा थांबा दाखव. ती लक्झेंबर्गहून आयफेलपर्यंत जाते, जिने नाहीत आणि खिडकीतून शहर फुकट बघायला मिळतं. पैसे काढताना मशीन तुमच्या चलनात हिशेब करू का विचारेल, तेव्हा नाही म्हणायचं आणि युरोच निवडायचे, हे बाबांना आणि आईला दोघांनाही सांगून ठेव. एकट्यानेच सगळं माहीत ठेवायचा मोह तुला होणार, मला ठाऊक आहे. प्रमुखपणात एक गोडी असते. पण मग तू आंघोळीला गेल्यावर चौघं खोलीत अडकून पडतात.

चोरांविषयी थोडक्यात. सह्या मागणारी मुलगी, किंवा 'ही तुमची अंगठी पडली का?' म्हणणारा माणूस दिसला की थांबायचं नाही, चालत राहायचं. पासपोर्ट खोलीत ठेवायचे. तातडीला 112.

जेवणाचं जपून. बरीच हॉटेलं दुपारी अडीचच्या सुमाराला चूल बंद करतात आणि 7 शिवाय पेटवत नाहीत. भुकेला सात वर्षांचा मुलगा त्या मधल्या वेळेत काय करतो हे तुला मी सांगायला नको. ब्रासरी, म्हणजे दिवसभर चालू राहणारी खानावळ, असेल तिथे कधीही मिळतं. साधं नळाचं पाणी सुरईभर मागायचं, ते फुकट देतात. बाटली मागितलीस तर पैसे पडतील. 8 पर्यंत खोलीवर या, जाड पडदे घट्ट ओढा, कारण बाहेर अजून दुपार वाटत असेल.

मंगळवारी सगळे पहाटे चारला टक्क जागे होतील. चिडू नकोस, सगळ्यांचंच होतं. बेकरी उघडली की बाबांना एकट्याला पाव आणायला पाठव. मागे जाऊ नकोस, फोन करू नकोस. त्या दिवशी ओर्से संग्रहालय ठेव. ते सोमवारी बंद असतं, मंगळवारी उघडं. बोट त्याच संध्याकाळी.

आणि लूव्र बुधवारी. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री 9 पर्यंत उघडं असतं, आणि संध्याकाळी दुपारच्या मानाने गर्दी उतरलेली असते. तिकीट 5 नंतरचं काढ. आजीसाठी चाकाची खुर्ची तिथेच मिळते, फक्त ती मागायचं काम आईने करावं. तू मागितलीस तर आजी नको म्हणेल.