एकच रेडिएटर गार का?

प्रश्न : इंग्लंडमध्ये, स्लाउला भाड्याच्या घरात आमचा पहिलाच हिवाळा. खोल्या उबदार ठेवणारे, गरम पाण्यावर चालणारे सगळे रेडिएटर तापतात, लेकीच्या खोलीतला मात्र गारढोण. किल्लीने हवा काढायला गेले तर लगेच पाणीच आलं.

उत्तर : ताई, पाणी आलं म्हणजे हवा अडकलेली नाही. हवा असती तर वरून गार, खालून गरम लागला असता. माझा संशय बाजूच्या आकडेवाल्या व्हॉल्व्हवर. उन्हाळाभर बंद राहिला की आतली पिन चिकटते. आमच्याकडे दर ऑक्टोबरला हेच रडगाणं! त्याचं आकडेवालं डोकं ५ वर फिरवा, खालचं गोल कडं हाताने फिरवून सोडवा आणि डोकं उचला. आत आगकाडीएवढी पिन दिसेल. पक्कडीच्या पाठीने हलकेच दाबा. सोडल्यावर ती आपसूक वर यायला हवी. नाहीच आली तर व्हॉल्व्हवर बाजूने टिचक्या मारा, पुन्हा दाबा. ओढू मात्र नका. मी ओढली होती. काळंकुट्ट पाणी उडालं आणि सोलापूरहून आणलेली चादर गेली.

पिन सुटूनही गारच राहिला, तर दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला असेल. तो घरमालकाच्या प्लंबरलाच उघडू दे. आणि हो, पाणी काढलंत ना? त्याने दाब उतरतो, म्हणून बॉयलरचा दाबाचा काटा बघा. गार असताना दाब १ ते १.५ बार असायला हवा.