‘रेड टाकायची’ म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं?

प्रश्न : माझी मुलगी फैजपूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची केळीची शेती. सिनेमात इन्कम टॅक्सची धाड पाहिल्यापासून ‘मला रेड टाकणारी ऑफिसर व्हायचंय’ असं तिचं चाललंय. माझे मेहुणे जळगावला सराफी दुकानात कामाला आहेत. ते म्हणतात, ती माणसं मनाला येईल तशी वागतात, घरातलं सगळं सोनं उचलून नेतात. शिवाय रात्र रात्र परक्याच्या घरात थांबायचं, हे पोरीच्या जातीला जमेल का? – एक पालक, रावेर तालुका

उत्तर : नमस्कार भाऊ. गंमत अशी की तुमची मुलगी आणि तुमचे मेहुणे एकच गोष्ट धरून चाललेत: धाडीला आलेला अधिकारी मर्जीचा मालक असतो. मेहुण्यांना त्याची धास्ती, मुलीला त्याचंच आकर्षण. प्रत्यक्षात या नोकरीत मर्जीला फार थोडी जागा आहे.

झडतीला गेलेला अधिकारी स्वतःच्या मनाने दार ठोठावत नाही. वरिष्ठांनी कारणं फाइलवर लिहायची, मगच वॉरंट निघतं. ते घरमालकाला दाखवायचं, प्रत्येकाने ओळख पटवायची, परिसरातले दोन पंच बसवायचे. घरमालकाला आलेल्या पथकाचीच अंगझडती घेता येते, सुरुवातीला आणि निघतानाही. हे सिनेमात कुणी दाखवत नाही! घरातल्यांना वेळेवर जेवू द्यायचं, दप्तर तपासून मुलांना शाळेत सोडायचं, आजाऱ्यासाठी डॉक्टर बोलवू द्यायचा. आणि घरातल्या बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. म्हणजे तुम्हाला जी अडचण वाटते, त्याच कारणासाठी पथकात महिला लागतात. रात्री थांबावं लागतं, हे मात्र खरं. ते तिला आधीच सांगा.

आता सोन्याचं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ची सूचना आहे: झडतीत विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे २५० आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. घराण्याची रीत पाहून अधिकाऱ्याला त्याहून जास्तही सोडता येतात. लोक याचा अर्थ ‘एवढंच सोनं ठेवता येतं’ असा लावतात, तो चुकीचा. ही मर्यादा सोनं बाळगणाऱ्यावर नाही, जप्त करणाऱ्यावर आहे. मेहुण्यांना एवढं जरूर सांगा.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती १० मार्च २००३ची सूचना. झडतीत माणसावर दबाव आणून ‘एवढं उत्पन्न लपवलं’ असं वदवून घेऊ नका, पुरावा गोळा करा, असं तिचं सांगणं. २०१४मध्ये मंडळाला ते पुन्हा बजावावं लागलं. याचाच अर्थ नियम मोडणारेही असतात. मेहुण्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण दमात घेऊन काढलेला जबाब पुढे उलटला की महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. १ ऑक्टोबर २०१९पासून विभागाच्या नोटिशीवर संगणकाने दिलेला डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, लागतो; तो नसेल, तर ठरावीक अपवाद सोडून ती नोटीसच ग्राह्य नाही. जीएसटीतही तसंच. तिथे अटकेचा अधिकार आयुक्तांच्या लेखी आदेशाशिवाय चालत नाही, आणि ऑगस्ट २०२२च्या सूचना सांगतात की अटक यांत्रिकपणे करायची नाही.

वाट सरळ आहे. पदवीनंतर एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, सीजीएल ही पदवीधरांची परीक्षा. त्यातून आयकर निरीक्षक किंवा केंद्रीय जीएसटीत निरीक्षक होता येतं. एमपीएससीतून राज्यकर निरीक्षक. यूपीएससीतून आयआरएस, म्हणजे भारतीय महसूल सेवा, मिळाली तर आयकरवाल्यांचं प्रशिक्षण नागपूरच्या अकादमीत होतं. निरीक्षक झाल्या झाल्या वॉरंट तिच्या नावाने निघणार नाही; ती पथकात मदतीला जाईल. बरीच वर्षं टेबलावर फाइली आणि बँकेचे उतारे तपासण्यात जातील. अभ्यासाला नवी पुस्तकं घ्या, कारण १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय. झडतीचं जुनं कलम १३२ आता २४७ झालं.

क्लासची फी भरण्याआधी एक करा. एखाद्या रविवारी तिला घरातलं एक कपाट आणि केळीच्या व्यापाऱ्यांकडच्या वर्षभराच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, द्या. तिची आई आणि शेजारच्या काकू पंच. कपाटातल्या एकूणएक वस्तूची यादी करायची, पट्ट्यांची वहीशी आणि बँकेच्या पासबुकाशी सांगड घालायची, जिथे आकडा जुळत नाही तिथे तुम्हाला आवाज न चढवता प्रश्न विचारायचा आणि तुमचं उत्तर तुमच्याच शब्दांत उतरवायचं. प्रत्येक पानावर पंचांच्या सह्या. मध्ये मोबाइल नाही. तिला कंटाळा आला का, आणि आला तर कितव्या तासाला, ते मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.