शब्द ओळखीचा, पण कानाला परका

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी पेपर धडाधड वाचते. पण नागपुरातल्या मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीची फोनवर मुलाखत झाली, तेव्हा समोरच्या परदेशी बाईंना एकच प्रश्न तीनदा विचारावा लागला. कान तपासून घ्यावेत का? (पालक, त्रिमूर्ती नगर)

तपासा, हरकत नाही, पण बहुधा ठणठणीत निघतील. तिला ते शब्द डोळ्यांनी माहीत आहेत, कानांनी नाहीत. 'कम्फर्टेबल' आपण चांगला ऐसपैस म्हणतो. तिकडच्या बाई 'कम्फ्टबल' म्हणून मोकळ्या होतात. मराठीत बहुतेक अक्षरांना आपापला वाटा मिळतो. इंग्रजीत मोजक्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले गिळले जातात. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे सहा शब्द कानावर 'वॉचा गना डू' असे येतात. छापलेल्या ओळीत शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. आपण तरी कुठे सुटं बोलतो? 'काय म्हणतोस'चं 'काम्हंतोस' होतंच की.

त्यात फोन. ओठ दिसत नाहीत, आणि साध्या फोनवर आवाजातला उंच, बारीक भाग कापला जातो. म्हणून तर नाव सांगताना 'एस फॉर सीता' म्हणावं लागतं.

तिला एक मिनिटाचं रेकॉर्डिंग द्या, ज्याचा मजकूरही लिहिलेला मिळेल असं. तीनदा ऐकून, कानावर पडलं तेवढं लिहू दे, मग मजकुराशी ताडून पाहू दे. चुकलेल्या प्रत्येक जागी एकच तपासायचं : शब्द माहीतच नव्हता, की माहीत असून ओळखू आला नाही? दुसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या, तर शब्दसंग्रहाची पुस्तकं आणखी विकत घेऊ नका.

प्रश्न : मी लग्न होऊन इंदूरहून आले. पुस्तकावरून आणि बातम्या ऐकून मराठी शिकले. पण इतवारीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बोलायला लागलं की सगळं डोक्यावरून जातं. (गृहिणी, इतवारी)

ताई, पुस्तकात 'तो जात आहे' असतं, तुमच्या काउंटरवर नागपुरी बोलीतलं 'तो जाऊन राहिला' येतं. 'का' म्हणजे 'काहून', 'मला' म्हणजे 'मले', मुलगा म्हणजे 'पोट्टा'. बातम्यांची मराठी ऐकून यातलं काही कानावर पडत नाही. तुमचं मात्र एक बरं आहे. 'जाऊन राहिला' हे तुमच्या 'जा रहा है'चं सख्खं भावंड. पुण्याच्या माणसाला ते खटकेल, तुम्हाला पटकन उमजेल.

दुकानात विषय ठरलेले असतात : भाव, रंग, काठ, परत घेणं. विषय माहीत असला की अर्धं वाक्य अंदाजानेच भरून निघतं. पण हाच अंदाज कधी दगाही देतो. मागे एका दुकानात माझ्यासमोर गिऱ्हाईक 'बदलून द्या' म्हणालं, आणि नव्या मुलीने साडी छान 'बांधून' दिली! तिचं काम बांधायचं, म्हणून तिच्या कानाने तेच ऐकलं. तेव्हा समजलं नाही तर गप्प राहू नका. 'बदलून म्हणालात ना?' असं ऐकलेला शब्द उच्चारून विचारा. नुसतं 'काय?' विचारलं तर माणूस तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतो, सोपं करत नाही.

प्रश्न : माझ्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये मे महिन्यात ऐकण्याच्या चाचणीचे गुण घसरतात. पोट्टे आळशी होतात, की काय? (शिक्षिका, सक्करदरा)

मॅडम, खोलीत कूलर चालू असतो ना? मग पोट्ट्यांना बोल लावू नका. मातृभाषेत गाळलेले आवाज आपण नकळत भरून काढतो. परक्या भाषेत ते जमत नाही, म्हणून कूलरचा तोच गोंगाट शिकणाऱ्याला जास्त नडतो. चाचणी सकाळी सातला घ्या आणि तेवढी दहा मिनिटं कूलर बंद ठेवा. शिवाय स्पीकर टेबलावर ठेवून मागच्या बाकावर स्वतः बसून एकदा ऐकाच.

प्रश्न : व्हिडिओचा वेग कमी करून ऐकावं का? खाली हिंदी अक्षरं लावावीत का? (विद्यार्थी, धरमपेठ)

वेग कमी करण्यापेक्षा वाक्य संपलं की थांबवा. जुळून आलेले शब्द हळू केल्याने सुटे होत नाहीत, नुसते ताणले जातात. अक्षरं इंग्रजीच लावा, तीही दुसऱ्या खेपेला. हिंदी लावलीत तर तुम्ही हिंदी वाचाल.

प्रश्न : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ऐकण्याच्या भागाच्या सरावात एक उत्तर हुकलं की पुढची तीन जातात. (विद्यार्थिनी, मानेवाडा)

रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, सुमारे अर्ध्या तासात 40 प्रश्न. हुकलेल्या शब्दाचा पाठलाग करता करता डोक्यातली जागा भरून जाते आणि पुढचं वाक्य आत शिरतच नाही. म्हणून सराव उत्तरांचा नको, सोडून देण्याचा करा. घरी मुद्दाम पाचवा प्रश्न कोरा ठेवा आणि सहाव्यावर बोट ठेवून बसा. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला वेळ देतात, त्यात उत्तर तारीख असेल, नाव असेल की जागा, एवढं पेन्सिलीने खुणावून घ्या. कोऱ्या राहिलेल्या जागी शेवटी अंदाजाने काहीतरी लिहाच, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत.