चौथी अंगठी घालण्याआधी: अट्यूनमेंटचे नियम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (इथे २०१४ चे नियम धरलेत) नवखे खेळाडू सगळ्यात जास्त अडखळतात ते अट्यूनमेंटवर, म्हणजे आपल्या पात्राचं जादूच्या वस्तूशी नातं जोडण्यावर. वर्णनात 'अट्यूनमेंट आवश्यक' असं लिहिलेलं असेल, तर वस्तू नुसती हातात धरून तिची जादू चालत नाही. एक अख्खा शॉर्ट रेस्ट, म्हणजे पात्राची किमान १ तासाची छोटी विश्रांती, तिला स्पर्श करत फक्त तिच्यावरच लक्ष द्यावं लागतं. वस्तूचे गुण ओळखायला वापरलेला रेस्ट यात धरत नाहीत. त्यासाठी वेगळा घ्यायचा.

एका वेळी ३ वस्तू, बस. चौथी हवी तर आधी एक सोडायची, आणि सोडायलाही शॉर्ट रेस्टच लागतो. त्यामुळे लढाई तोंडावर आल्यावर अदलाबदल करता येत नाही. वस्तू १०० फुटांहून जास्त अंतरावर २४ तास राहिली, तर नातं आपोआप तुटतं. शापित वस्तू मात्र मनात आलं म्हणून सुटत नाही, आणि वस्तूचे गुण ओळखणाऱ्या आयडेंटिफाय मंत्रालाही शाप सहसा दिसत नाही. पडीक थडग्यात चकचकीत तलवार सापडली, तर जरा थांबच.

जादूच्या कांडीचे चार्ज, म्हणजे तिच्यात उरलेली जादूची मात्रा, पेन्सिलने लिहून ठेव. फायरबॉलच्या (आगीच्या गोळ्याच्या मंत्राच्या) कांडीत ७ असतात, रोज पहाटे १डी६+१ (सहा बाजूंच्या फाशावर येईल तो आकडा अधिक १) परत येतात. शेवटचा चार्ज वापरलास की डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायचा. १ आला तर कांडीची राख! म्हणून शक्यतो १ चार्ज शिल्लकच ठेव.