दुसरी गाडी घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

डिझेलची मोठी गाडी संभाजीनगरच्या सिडकोतून वाळूजला कंपनीत रोज न्यायला परवडत नाही, म्हणून पेट्रोलची छोटी सेकंडहँड गाडी घेतो म्हणतोस. एकीचं ॲव्हरेज 12, दुसरीचं 20. रनिंगला या आकड्यांनी भागल्याशिवाय हातात काय उरतं ते कळत नाही.

महिन्याचं रनिंग हजार किलोमीटर धर. डिझेल 90 रुपयांनी मोठ्या गाडीला साधारण 7,500 लागतात, पेट्रोल 105 रुपयांनी छोटीला 5,250. म्हणजे वर्षाला वाचले 27,000. तू 4 लाखांचं कर्ज काढणार. पाच वर्षांची मुदत आणि 12 टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षीचं नुसतं व्याजच 40,000 च्या वर जातं. मुद्दल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर अजून धरलेच नाहीत.

आणि मोठी गाडी तर घरातच राहणार. दारात उभी राहिली म्हणून इन्शुरन्स कमी होत नाही. ऑइल वर्षाला बदलावंच लागतं, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. किंमतही घसरतच असते. इन्शुरन्सवाले दुसऱ्या वर्षात 20 आणि पाचव्या वर्षात 50 टक्के घट धरतात, गाडी पळो वा न पळो.

जालन्याहून रोज ये-जा करत असतास, महिन्याला 3,000 किलोमीटर पडत असते, तर मी स्वतः तुझ्यासाठी सीएनजी गाडी शोधायला निघालो असतो. सिडको ते वाळूजसाठी नको.

गावाकडे वडिलांची मोटारसायकल उभी आहे ना, ती आण. लिटरला 50 दिलं तरी पेट्रोल महिन्याला 2,100 चं. वर्षाला 60,000 च्या वर वाचतील आणि हप्ता एकही नाही. आधी आरसी बघ. नोंदणीला 15 वर्षं झाली असतील तर आरटीओत नूतनीकरण करून घे. थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस. दोन्ही टायर नवे टाक, ब्रेक शू बदल.

मला काळजी आहे ती रात्रीची. ऊसतोड सुरू झाली की नगर रोडला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की ती ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कंपनीच्या बसनेच जा-ये कर. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हातही तेच कर. पावसात मोठी गाडी काढलीस तरी हरकत नाही, थोडं डिझेल जाईल.

सेकंडहँडवाल्याला टोकन दिलं असशील तर उद्याच फोन कर. आरसीचा फोटो मला पाठव, तारखा बघून सांगतो.

तुझा काका