पूर शिरलेलं घर घेऊन, सजवून विकायचं?

प्रश्न : मी मिरजेत राहतो, पुढच्या वर्षी साखर कारखान्यातून निवृत्त होईन. मुलाचा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, वर्षभर एका ठेकेदाराकडे साइटवर आहे. सांगलीत गावभागातलं जुनं घर 24 लाखांना घ्यायचं, दुरुस्त करून दहा महिन्यांत 34 लाखांना विकायचं, असं त्याच्या मनात आहे. 9 लाख माझे, 15 लाख कर्ज. घरात 2019 ला पुराचं पाणी होतं. एजंट म्हणतो, गिऱ्हाइकाला ते सांगायची गरज नाही. यात करिअर होतं का?

उत्तर : होतं. पण हे घर आत्ता घेऊ नका.

आधी हिशेब बघू. तुमचे 9 आणि कर्जाचे 15 खरेदीतच संपले. मुद्रांक शुल्क 6 टक्क्यांनी 1 लाख 44 हजार, नोंदणी 24 हजार, एक टक्का दलाली 24 हजार. दुरुस्ती 4 लाख धरली, तरी जुन्या घरात चौथा हिस्सा जास्तीचा ठेवावाच लागतो, म्हणजे 5 लाख. हे जवळजवळ 7 लाख कुठून आणणार? 15 लाखांवर 12 टक्क्यांनी दहा महिन्यांचं व्याज दीड लाख. विकताना दोन टक्के दलाली 68 हजार. सगळं मिळून 33 लाख 10 हजार होतात. हातात उरले 90 हजार, तेही त्या 7 लाखांचं व्याज न धरता. 24 महिन्यांच्या आत विकलं की नफा उत्पन्नात मिळवून कर लागतो. विक्री लांबली तर दरमहा 15 हजार व्याज चालूच.

एवढा कमी नफा दिसला की माणूस दुरुस्तीत हात आखडतो. फसवणुकीला इथूनच सुरुवात होते. पूर येऊन गेलेल्या घरात खालच्या तीन-चार फुटांत ओल आणि क्षार मुरलेले असतात. पाणी वाळताना क्षाराचे खडे होतात आणि ते प्लास्टर आतून फोडतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर, पुट्टी आणि पीव्हीसी पॅनेल मारलं की घर महिनाभर नवंकोरं दिसतं. ओल मात्र बाहेर पडायला वाट न मिळाल्याने आणखी वर चढते. मातीची किंवा चुन्यात बांधलेली जुनी भिंत यानेच खराब होते. खरी दुरुस्ती वेळखाऊ आहे. ओलीच्या रेषेपासून फूटभर वरपर्यंत प्लास्टर उतरवायचं, सांधे पाऊण इंच खरवडायचे, क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडायचे, भिंत वाळू द्यायची आणि मग चुन्याचं प्लास्टर करायचं. बाहेर अंगणाचा उतार भिंतीपासून लांब हवा. वाळायला महिने जातात, आणि तेवढा वेळ तुमच्या मुलाच्या वेळापत्रकात नाही.

एका भिंतीवर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप लावून दोन दिवस ठेवायला सांगा. मागच्या बाजूला दव आलं, तर भिंत अजून ओली आहे. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर तिच्यावर पीओपीने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर पाया अजून हलतोय. काळ्या मातीत हे दर पावसाळ्यानंतर दिसतं. स्लॅब हातोडीने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर आत सळई गंजली असण्याची शक्यता मोठी. ते पीओपीच्या सिलिंगखाली झाकणं मला गुन्ह्याइतकंच वाईट वाटतं, कारण खाली कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं. हॉल मोठा करायला नऊ इंची भार घेणारी भिंत टेकू आणि बीमशिवाय पाडणंही तसंच. अशा बदलाला महापालिकेची परवानगी लागते.

एजंटचं म्हणणं चूक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत न सापडणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. लपवला तर ती फसवणूक ठरते. पुराची पातळी, साल आणि केलेलं काम, सगळं फोटोंसह लेखी द्या. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, 2021 ला पुन्हा पूर आला. गावभागातल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असतंच. न सांगणाऱ्यावर तो पुढे कशातच विश्वास ठेवणार नाही.

कागदांत वारसांची नोंद नीट पाहा. वडिलोपार्जित घरात मुलींचाही समान हक्क आहे, त्यामुळे बहिणींची सही किंवा हक्कसोडपत्र हवंच. पुरानंतर अडचणीत आलेल्या म्हाताऱ्या मालकाकडून पडत्या भावात घर घेताना, त्याला दुसऱ्याकडून किंमत विचारायला वेळ द्या. जुना भाडेकरू असेल तर ते घर सोडा. घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्याच्या, आत आहे का, ते नगररचना विभागात विचारा. व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख स्वीकारू नका, तेवढाच दंड बसतो.

मुलाला दोन पावसाळे ओल, गळती आणि स्लॅब दुरुस्तीची कामं ठेक्याने घेऊ द्या. प्रत्येक घराचे आधीचे, चालू कामाचे आणि सहा महिन्यांनंतरचे फोटो ठेवायचे. सोबत थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीचा विचार करा, नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हायला पदवी आणि 5 वर्षांचा अनुभव लागतो. तुमचे 9 लाख तोवर निवृत्तीच्या खात्यातच राहू द्या. पहिलं घर घ्यायची वेळ येईल तेव्हा पुराच्या पट्ट्याबाहेरचं घ्या, आणि इसार देण्याआधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा तपास, हातात असू द्या.