नळी चुकली नव्हती

प्रश्न : माझ्या भावजयीला आठव्या महिन्यात मुलगा झाला. तो तोंड उघडून रडत होता, पण आवाज नव्हता. डॉक्टरांनी नळी अन्ननलिकेत घातल्याचे नंतर समजले. सहा तासांनी बाळ गेले; त्याला श्वासनलिकाच नव्हती, असे सांगण्यात आले. नळी चुकली होती का? आई म्हणते, भावजयीने ग्रहण पाळले नाही. — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नळी चुकली नव्हती. श्वासनलिका नसलेल्या बहुतेक बाळांत फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासवाहिन्या थेट अन्ननलिकेला जोडलेल्या असतात. स्वरयंत्राखाली वाटच नसल्याने नेहमीची नळी पुढे सरकत नाही. अशा वेळी अन्ननलिकेतून दिलेला प्राणवायू त्या आडवाटेने फुप्फुसांत पोहोचतो आणि निळे पडलेले बाळ काही काळ गुलाबी होते. एरवी नळी अन्ननलिकेत जाणे ही चूकच असते, म्हणून तुमची शंका रास्त आहे. पण ते सहा तास बाळाला त्या नळीनेच मिळाले. आवाज फुटला नाही, कारण स्वरतंतूंमधून हवाच जात नव्हती.

पोटात असताना प्राणवायू वारेतून मिळतो, त्यामुळे बाळ वाढत राहते. सोनोग्राफीत गर्भजल जास्त दिसू शकते, पण त्याची कारणे अनेक असतात. अन्ननलिकेशी जोड असेल तर फुप्फुसेही नेहमीसारखीच दिसतात.

आता ग्रहणाविषयी. श्वासनलिका गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास, अन्ननलिका जिच्यातून बनते त्याच आदिनलिकेतून फुटते. पाळी चुकल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच हे घडून गेलेले असते. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे उत्तर आईंना वाचून दाखवाच.

मोठ्या शहरात नेले असते तर, हा विचारही मनातून काढावा. सुमारे ५०,००० जन्मांत एखाद्या बाळात आढळणाऱ्या या दोषातून जगभरात अगदी मोजकी मुले वाचली आहेत. जपानमध्ये अन्ननलिकेचाच श्वासमार्ग करून आणि दूध पोटात थेट नळीने देऊन काहींना जगवले गेले. २०१३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका मुलीला कृत्रिम श्वासनलिका बसवली. तीन महिन्यांत ती गेली.

हा दोष बहुधा घराण्यात चालत नाही. तरीही सोबत हृदयाचे वा इतर दोष असू शकतात, म्हणून पुढच्या वेळी बाळाचे कागद जनुकीय सल्लागारांना दाखवावेत आणि १८ ते २० आठवड्यांची तपासणी नीट करावी. सध्या मात्र भावजयीला दूध दाटून छाती ठणकत असेल, तर तिने मुकाट सोसू नये. डॉक्टरांना तुम्ही सांगा.